दोन सकाळी, एक दुपार: नाशिकला खाण्यासाठी पहिल्यांदा येणाऱ्यांना

नाशिकला खायला म्हणून येणारे बहुतेक जण शनिवारी सकाळी मुंबईहून किंवा पुण्याहून निघतात, वाटेत चहा-वडा घेतात आणि साडेअकराच्या सुमारास मिसळीच्या रांगेत उभे राहतात. पोट अर्धं भरलेलं, ऊन डोक्यावर, आत शिरायला पाऊण तास. खाऊन झालं की थेट वाइनरी. तिथे जीभ भाजलेली असल्यामुळे एकही वाइन नीट कळत नाही. संध्याकाळी अंगात त्राण उरत नाही आणि जुन्या गावातलं खाणं तसंच राहून जातं.

यात दुकानाची निवड चुकलेली नसते, घड्याळ चुकलेलं असतं. नाशिकचं खाणं मुख्यतः सकाळचं आहे. दोन सकाळी हाती लागल्या की दोन वेगळ्या तऱ्हेच्या मिसळी होतात, मधल्या वेळात जुनं गाव होतं आणि शनिवारची दुपार द्राक्षमळ्यांसाठी मोकळी राहते. पुढची सगळी आखणी या हिशोबावर आहे.

शुक्रवारी रात्रीच पोचा

मुंबईहून रस्त्याने साधारण 165 किलोमीटर, पुण्याहून 210. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईहून सुटणारी पंचवटी एक्सप्रेस रात्री नाशिकरोडला सोडते. नवख्यांची एक गफलत इथेच होते: नाशिकरोड स्टेशन म्हणजे नाशिक गाव नव्हे. स्टेशनापासून जुनं नाशिक नऊ-दहा किलोमीटर आहे. सिटीलिंकच्या (शहर बससेवेच्या) बस आहेत, रिक्षाही मिळते, पण रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवून घ्या.

मुक्काम सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक), शरणपूर रोड किंवा कॉलेज रोड या पट्ट्यात घ्या. एका बाजूला रविवार कारंजा आणि पंचवटी, दुसऱ्या बाजूला गंगापूर रोड, दोन्ही हाताशी येतात. गंगापूर धरणाकाठचे रिसॉर्ट देखणे आहेत, पण तिथून सकाळी आठला गावातल्या मिसळीसाठी कुणी उठून येत नाही, हे लक्षात घ्या.

कधी यायचं, हे द्राक्षांवरून ठरवायला हरकत नाही. आपल्याकडे द्राक्षबागेची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमधली खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधली गोडी किंवा फळ छाटणी. फळ या दुसऱ्या छाटणीनंतर धरतं आणि जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत उतरतं. त्यामुळे जुलैत येणाऱ्यांना मळे हिरवेगार दिसतात, पण घड एकही दिसत नाही. मे महिन्यात तर नुकती फूट निघालेली असते. द्राक्षं पाहायची, खायची असतील तर फेब्रुवारी उत्तम. पाऊस, हिरवळ आणि सोमेश्वरचा धबधबा हवा असेल तर ऑगस्ट. वाइन बारमाही आहे. सिंहस्थ कुंभमेळ्यातल्या पर्वण्यांचे (मुख्य स्नानांचे) दिवस मात्र खाण्याच्या सहलीसाठी धरू नका, त्या दिवसांत गाव यात्रेकरूंचं असतं.

शनिवार, सकाळी आठ: गावातली मिसळ

आठला दुकानात असा. साडेनऊनंतर रांगा लागतात आणि दुपारी एकच्या पुढे बऱ्याच ठिकाणी माल संपत आलेला असतो.

नाशिकची मिसळ मटकीची किंवा मटकी-मुगाची. उसळ फारशी तिखट नसते, तिखटपणा सगळा रश्श्यात. ताटात उसळ, तिच्यावर शेव-फरसाण, बाजूला चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबू, पाव, दह्याची वाटी आणि तळलेला किंवा भाजलेला पापड. पापड ही नाशिककडची खूण, रश्श्यात बुडवून खायचा. रस्सा वेगळ्या भांड्यात येतो आणि बहुतेक ठिकाणी पुन्हा मागितला तर मिळतो.

रश्श्याच्या दोन मुख्य जाती. काळा रस्सा कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईपर्यंत भाजून, काळ्या मसाल्यात केलेला. त्याचा तिखटपणा उशिरा कळतो आणि घशात टिकतो. लाल रस्सा मिरची पुढे ठेवणारा. तो पहिल्या घासालाच बोलतो आणि लवकर उतरतो. पहिल्यांदा येणाऱ्याने गावात काळ्या रश्श्याची मिसळ खावी असं आमचं स्पष्ट मत आहे, कारण ही चव पुण्या-मुंबईत या रूपात सहसा मिळत नाही. पंचवटीतली अंबिका काळ्या रश्श्यासाठी ओळखली जाते. सातपूरची श्यामसुंदर, कॉलेज रोडची तुषार हीही नाशिककरांची जुनी ठिकाणं. कुठली श्रेष्ठ यावर नाशिकच्या घराघरात वाद आहेत, त्यात पाहुण्याने न पडलेलं बरं.

खाण्याची पद्धत अशी:

1. आधी रस्सा नुसता, चमचाभर चाखा. अर्धा मिनिट थांबा. काळा रस्सा थांबल्याशिवाय समजत नाही.
2. उसळीवर दोन-तीन पळ्याच रस्सा घाला. सगळं भांडं एकदम ओतलं की फरसाणाचा लगदा होतो.
3. शेव-फरसाण अर्धं बाजूला काढून ठेवा आणि थोडं थोडं घालत जा. मिसळीची गंमत मऊ आणि कुरकुरीत एकत्र येण्यात आहे.
4. लिंबू पहिल्या दोन घासांनंतर पिळा. आधी पिळलं तर मसाल्याचा भाजका वास दबतो.
5. तर्री, म्हणजे वरचा तेलाचा तवंग, सगळ्यात शेवटी आणि झेपेल तेवढीच.

तिखट लागलं की हात पाण्याच्या ग्लासाकडे जातो, पण त्याने फरक पडत नाही. मिरचीतला तिखट घटक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पाणी तो फक्त तोंडभर पसरवतं. दही किंवा दूध घ्या. त्यातली स्निग्धता आणि दुधातलं प्रथिन तो घटक उचलून नेतं. लहान मुलांसाठी दही मिसळ मागवा किंवा नुसती उसळ, शेव आणि दही एकत्र करा. रस्सा न घालताही ती चांगली लागते.

दोघांत एक मिसळ आणि जास्तीचे पाव, एवढंच. पहिल्याच सकाळी प्रत्येकाने अख्खी मिसळ संपवली की पुढचा अर्धा दिवस खाण्याच्या हिशोबातून बाद होतो.

दहा ते एक: जुनं गाव, पायी

गाडी हॉटेलवरच राहू द्या. रविवार कारंजा, मेन रोड, सराफ बाजार, दहीपूल, भांडीबाजार या गल्ल्या गाडीसाठी नाहीत आणि पार्किंग शोधण्यात जाणारा तास चिवड्याला जास्त शोभतो. रिक्षाने रविवार कारंज्याला उतरा आणि सराफ बाजारातून भांडीबाजारात, तिथून गोदाघाटावर असं उताराने चालत या. पंधरा-वीस मिनिटांचं अंतर आहे, थांबत गेलात तर दीड तास.

या वाटेवर तीन गोष्टी खाण्यासारख्या. पहिली जिलेबी. बुधा हलवाईची जिलेबी जुन्या नाशिकची ओळख आहे. कढईतून पाकात आणि पाकातून ताटलीत, एवढ्याच प्रवासाची जिलेबी घ्या, आधी रचून ठेवलेली नको. ताजी जिलेबी मोडली की आवाज येतो आणि आतला पाक बाहेर पडतो. तासाभरात वेढा पाक शोषून मऊ होतो. मिसळीनंतर जिलेबी ही इथली रीतच आहे, तिखटावर तो उपायही आहे. शंभर ग्रॅम दोघांना पुरते.

दुसरी गोष्ट साबुदाणा वडा. सायंतारा हे नाव नाशिकमध्ये साबुदाणा वड्यासाठीच घेतलं जातं. वडा कढईतून निघालेला असेल तरच घ्या. थंड झाल्यावर साबुदाण्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि वडा चिवट लागतो, यात वडेवाल्याचा दोष नाही. एकादशीला आणि संकष्टीला इथे गर्दी दुप्पट समजा.

तिसरी गोष्ट चिवडा, ती खाण्यापेक्षा बांधून न्यायची. कोंडाजी चिवडा हे नाव महाराष्ट्रभर माहीत आहे, माधवजींचा चिवडाही तितकाच नाशिकचा. नाशिकचा चिवडा पुण्याच्या पातळ पोह्यांच्या चिवड्यासारखा गोडसर नसतो. तो मसालेदार, झणझणीत, तळलेल्या सुक्या कांद्याच्या वासाचा. दुकानात चव द्यायला कुणी ना म्हणत नाही, चाखून घ्या. पाकीट एकदा फोडलं की घट्ट झाकणाच्या डब्यात काढा. तळलेला कांदा ओल फार पटकन ओढतो आणि मऊ पडलेल्या कांद्याला खवट वास यायला लागतो. नाशिककर चिवडा नुसता क्वचितच खातात, वर बारीक कांदा, कोथिंबीर आणि लिंबू हवंच.

घाटावर आलात की रामकुंड, नारोशंकराचं देऊळ बघून घ्या आणि थोडं बसा. पोटालाही ते लागतं.

एक वाजता जेवायला जाऊ नका. ग्लासभर ताक, हवं तर एक केळं, आणि दोन तास झोप. दुपारचा कार्यक्रम यावर अवलंबून आहे.

दुपारी साडेतीन: द्राक्षमळ्यात

मिसळ आणि वाइन यांच्यात निदान पाच-सहा तास जाऊ द्या. तिखटाने भाजलेल्या जिभेला मद्यार्क आणखी झोंबतो, आंबटपणा टोचतो आणि लाल वाइनमधला तुरटपणा कडू लागतो. सकाळी आठची मिसळ आणि दुपारी साडेतीनची वाइन यांचं जमतं. साडेबाराची मिसळ आणि दोनची वाइन यांचं जमत नाही.

वाइनरी शनिवारीच करा, रविवारी नको. रविवारी परतीची गाडी चालवायची असते. शनिवारीसुद्धा गाडी स्वतः नेऊ नका. येण्याजाण्याची, थांबण्यासह, टॅक्सी ठरवा. संध्याकाळी सातनंतर गोवर्धन-सावरगाव या वाइनरींच्या भागात रिकामी रिक्षा मिळत नाही आणि मोबाइलवरून बोलावलेली गाडी येईलच असं नाही. महाराष्ट्रात वाइन पिण्यासाठी वयाची 21 वर्षं पूर्ण लागतात, ओळखपत्र जवळ ठेवा. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि मतदानाच्या आसपासचे दिवस कोरडे असतात, जोडसुट्टी साधून येणाऱ्यांची इथे हमखास निराशा होते.

पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी गंगापूर धरणाच्या बाजूच्या दोन वाइनरी सोयीच्या. सुला 1999 साली राजीव सामंत यांनी सुरू केली. इथे गर्दी जास्त, पण माहितीफेरी नीट बसवलेली आहे. जवळच यॉर्क, आकाराने लहान, समोर धरणाचं पाणी. माहितीफेरी आणि टेस्टिंगची वेळ ऑनलाइन आधीच घेऊन ठेवा. शनिवारी प्रवेशाचे दर आणि नियम वेगळे असू शकतात. इगतपुरीच्या बाजूला व्हॅलोन आणि ग्रोव्हर झांपा आहेत. पण एका दुपारी दोनच्या पुढे जाऊ नका, तिसऱ्या ठिकाणी चव उरत नाही.

माहितीफेरी आधी, पिणं नंतर. जानेवारी ते मार्चमध्ये आलात तर फळ येताना, दांडे वेगळे होताना, रस टाकीत जाताना दिसतं. एरवी स्टीलच्या टाक्या आणि ओकची पिंपं पाहायची. पांढऱ्या वाइनला साल आधीच काढून टाकतात, लाल वाइन सालीसकट आंबवतात. रंग आणि तुरटपणा दोन्ही सालीतून येतात. एवढं एक तिथे उभं राहून समजून घेतलंत तर समोर आलेला ग्लास वेगळा वाटतो.

टेस्टिंगमध्ये एका वाइनचा ओत साधारण 30 मिलिलिटर असतो. पाच-सहा वाइन म्हणजे 150 ते 180 मिलिलिटर, म्हणजे एक भरलेला ग्लास. थोडंच वाटतं, पण उन्हात आणि रिकाम्या पोटी ते डोक्यात जातं. म्हणून मधेमधे पाणी, आणि सोबत साधं क्रॅकर किंवा ब्रेड.

क्रम असा ठेवा: फसफसणारी (स्पार्कलिंग), मग पांढरी, मग रोझे, मग लाल, शेवटी गोड. उलटा क्रम लावला तर लाल वाइनच्या तुरटपणानंतर पांढरी पाणचट लागते, आणि गोड वाइननंतर बाकी सगळं आंबट. ग्लास नेहमी दांड्याला धरा. वाटीला धरलं की हाताच्या उबेने पांढरी वाइन तापते. पांढरी 8 ते 12 अंशांवर चांगली, लाल 16 ते 18 वर. नाशिकच्या उन्हाळ्यात टेबलावर ठेवलेली लाल वाइन काही मिनिटांतच याच्या वर जाते, तेव्हा ती थोडी थंड करून मागायला संकोच करू नका.

वास आधी, चव नंतर. ग्लास हळू फिरवून नाक आत घाला, घोटभर घेऊन तोंडात सगळीकडे फिरवा. आवडली नाही तर बाजूच्या भांड्यात टाका. ते भांडं त्यासाठीच असतं, त्यात अपमान कुणाचाच नाही.

नाशिकमध्ये सगळ्यात मनापासून शिफारस करावी अशी वाइन म्हणजे शेनीन ब्लांक. किंचित गोडसर, फळाच्या वासाची, आणि आपल्या तिखट खाण्याशी जुळणारी. गोडवा मिरचीला सांभाळून घेतो, तुरट लाल वाइन मिरचीला भडकवते. रात्री खोलीवर थंड शेनीन आणि सकाळी आणलेला चिवडा एकत्र घेऊन बघा. शिराझ आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या लाल वाइन मटणाच्या जेवणासाठी ठेवा, तेही रस्सा फार जाळ नसेल तर.

सूर्यास्तापर्यंत थांबा, अंधारात परत या. बाटल्या घेतल्या तर बिल जपून ठेवा. इथून पुढे सापुताऱ्याला जाणार असाल तर बाटली गाडीत ठेवू नका. सापुतारा गुजरातेत आहे आणि गुजरातेत दारूबंदी आहे.

रात्रीचं जेवण

हलकं आणि भाकरीचं. नाशिकवर खानदेशाची छाया आहे, म्हणून शेवभाजी इथे चांगली मिळते. जाड तिखट शेव रश्श्यात अगदी वाढताना घालायला सांगा. आधीच घातलेली शेव फुगते, रस्सा पिऊन टाकते आणि ताटात पिठाचा गोळा येतो. सोबत कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) मिळाली तर ती, नाहीतर हिवाळ्यात बाजरीची. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत हिरव्या वांग्यांचं भरीत मागा. उन्हाळ्यात खापरावरचे मांडे आणि आमरस एखाद्या ठिकाणी दिसले तर बाकी सगळं सोडून ते घ्या. मांडे उलट्या मातीच्या खापरावर, हातावर पसरून भाजतात आणि करणारे हात आता कमी होत चालले आहेत.

जेवायचं मन नसेल तर कॉलेज रोड-गंगापूर रोड बाजूला शौकीनची भेळ, किंवा उलटा वडापाव. हा प्रकार नाशिकचा. पावाच्या पोटात बटाट्याची भाजी भरतात, अख्खा पाव बेसनात बुडवतात आणि तळतात. तेल पुरेसं तापलेलं नसेल तर पाव स्पंजासारखं तेल पितो, म्हणून गिऱ्हाईक वाहतं असलेल्या गाडीवरच खा. एकाला एक पुरे.

रविवार, सकाळी आठ: चुलीवरची

बारदान फाट्याची साधना चुलीवरच्या मिसळीसाठी प्रसिद्ध आहे. तिच्यानंतर गंगापूर रोड, मखमलाबाद बाजूला मळ्यातल्या मिसळीची बरीच ठिकाणं झाली. इथे रस्सा मंद लाकडाच्या आचेवर उकळत असतो, त्याला किंचित धुराचा वास येतो. शनिवारच्या काळ्या रश्श्याशी ताडून बघण्यासाठीच ही दुसरी सकाळ. या जागा मोठ्या, झोपाळे, झाडं, मुलांना मोकळीक. रविवारी नऊनंतर मात्र अर्धं नाशिकच इथे असतं, म्हणून आठ म्हणजे आठ. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी तर्री काढून द्यायला सांगावं, लगेच चहा टाळावा आणि अर्धा तास चालावं. जवळच सोमेश्वर आहे.

निघण्याआधी द्राक्षं

हंगामात रस्त्याकडेला पेट्या दिसतात. थॉमसन हिरवी गोल-लांबट, सोनाका लांब आणि गोड, शरद काळी. घड हातात घेऊन सगळ्यात खालच्या टोकाचा मणी चाखा. घड वरून खाली पिकतो, टोकाचा मणी गोड असेल तर वरचे सगळे गोड. विक्रेता चाखायला वरचा मणी तोडून देतो, तुम्ही खालचा मागा. देठ हिरवा हवा, तपकिरी वाळलेला नको. मण्यावरची पांढरट धूळ ही नैसर्गिक मेणाची लव असते, ती असणं ताजेपणाचं लक्षण. निळसर किंवा हिरवट डाग वेगळे, ते औषध फवारणीचे असू शकतात.

द्राक्षं आधी धुऊन नेऊ नका, ओल राहिली की प्रवासात मणी गळतात. प्लॅस्टिकची पिशवी टाळा, कागद घातलेली पेटी सीटखाली ठेवा. वाइनच्या बाटल्या डिकीत ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीची डिकी इतकी तापते की दोन तासांत वाइन शिजल्यासारखी लागते. बाटल्या पायाशी, ओल्या टॉवेलात.

दुपारी दोनच्या आत नाशिक सोडा. रविवारी संध्याकाळी कसारा घाट ते भिवंडी वाहनं खोळंबतात. वाटेत ढाब्यावर थांबायची गरज पडू नये म्हणून पाव-जिलेबी आणि ताकाची बाटली सोबत असू द्या. घरी पोचल्यावर द्राक्षं मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून, साध्या पाण्याने दोनदा धुऊन, कोरडी करून फ्रिजमध्ये ठेवा. बुचाच्या बाटल्या आडव्या, फिरकीच्या झाकणाच्या उभ्या चालतात. दोन्ही अंधाऱ्या जागी, गॅसपासून लांब.